फूल नको, बोंड दाखवा: भूमध्य समुद्राकाठच्या लाल पॉप्या

ताई, तुमचे पाचही फोटो बघितले. प्रश्न असा होता की मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर इझमीर, एफेससचे प्राचीन अवशेष, बोझजाआदा बेट असं फिरलात, जिकडे तिकडे लाल फुलं, मोबाइलमधलं अॅप प्रत्येक फुलाला ‘कॉमन पॉपी’ (खसखशीच्या जातभाईंपैकी एक लाल रानफूल) म्हणतंय, तर ही सगळी एकच आहेत का वेगवेगळी, आणि वेगवेगळी असतील तर ओळखायची कशी. शिवाय तिथून आणलेल्या सरबताबद्दलही विचारलंय, त्यावर शेवटी येते.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर पाचातल्या तीन पॉप्या, चौथी पॉपीची चुलतबहीण, आणि एक तर पॉपीच नाही. आता सविस्तर, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि गेली वीसेक वर्षं वसंतात लोकांना घेऊन ग्रीस-तुर्कस्तानच्या त्याच पट्ट्यात पायपीट करतेय.

सगळ्यात पहिली गोष्ट, लाल रंग विसरा. म्हणजे फोटो काढा, डोळे भरून बघा, पण ओळखायला त्याचा उपयोग शून्य. याला कारण आहे. पूर्व भूमध्य भागात लाल, वाटीसारखं आणि मध्ये काळं असं फूल तीन वेगवेगळ्या घराण्यांतल्या झाडांना येतं, अॅनिमोनी, रानटी ट्युलिप, रॅननक्युलस, पॉपी, अडोनिस. काही तर नात्याने लांब लांबचे, पण कपडे एकाच शिंप्याकडून शिवल्यासारखे. तिकडे ग्लाफिरिड नावाच्या कुळातले केसाळ भुंगेरे आहेत, त्यांना लाल रंग चांगला दिसतो आणि ते या वाट्यांमध्ये परागकण खात बसतात, तिथेच जोडी जमवतात, रात्रीही कधीकधी तिथेच मुक्काम. परागणाचे इस्रायली अभ्यासक आमोस दाफ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हे नीट मांडलं की ही सगळी लाल फुलं या भुंगेऱ्यांना गिऱ्हाईक धरून एकसारखी झाली आहेत. मधमाशीला आपल्यासारखा लाल दिसत नाही. थोडक्यात लाल रंग ही दुकानाची पाटी आहे आणि ती भुंगेऱ्यासाठी लावलेली आहे, दुकान कोणाचं ते पाटीवर लिहिलेलं नाही.

मग बघायचं काय? मी लोकांना दोन कामं सांगते. एक, फूल उलटं करा. दोन, बोंड शोधा.

फूल उलटं करण्यापासून सुरू करू, कारण तुमचा दोन नंबरचा फोटो त्यातच निकालात निघतो. पॉपीच्या कळीला दोनच हिरवी निदलं (कळी झाकणारं बाहेरचं आवरण) असतात, टोपीच्या दोन अर्ध्यांसारखी, आणि फूल उमलताना ती गळून पडतात. त्यामुळे उमललेल्या पॉपीच्या पाठीमागे काहीच नसतं, नुसता दांडा आणि चार पाकळ्या. पाकळ्या चार, दोन बाहेर दोन आत, आणि नुकत्या उमललेल्या फुलात इस्त्री न केलेल्या सुती साडीसारख्या चुरगळलेल्या. तुमच्या दोन नंबरच्या फोटोत मात्र फुलाच्या थोडं खाली, दांड्याभोवती बारीक कातरलेल्या पानांची झालर दिसतेय, आणि पाकळ्या मोजल्या तर सहा की सात आहेत. ती अॅनिमोनी कोरोनारिया. काळ्या मध्याभोवती पांढरं कडं आहे ना, तेही लाल अॅनिमोनीत खूपदा दिसतं. मोसमही जुळतो, ती जानेवारी-फेब्रुवारीपासून फुलते, मार्चअखेर शेवटची शेवटची सापडतात, पॉपीचा बहर त्यानंतर. आणि अॅनिमोनी मोडली तर दुधासारखा चीक येत नाही.

त्याच उलट्या फुलाखाली पाच हिरवी निदलं चिकटलेली असती आणि पाकळ्या व्हार्निश मारल्यासारख्या चकचकीत असत्या तर रॅननक्युलस एशियाटिकस म्हटलं असतं. सहा पाकळ्या आणि खाली सरळ शिरांची रुंद पानं असती तर ट्युलिप. फूल रुपयाएवढं किंवा त्याहून लहान आणि पानं आपल्या शेपूसारखी असती तर अडोनिस. अडोनिसला लोक लांबून हमखास फसतात, शेपूची जुडी डोळ्यासमोर आणली की फसणार नाही.

आता खऱ्या पॉप्या. आपल्याकडच्या माणसाला पॉपीचं बोंड समजवायला वेळ लागत नाही, कारण खसखस घरात असते आणि अफूची बोंडं निदान फोटोत तरी पाहिलेली असतात. वर चपटी चकती, चकतीवर मधून निघणाऱ्या आऱ्या (याच कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारा भाग), आणि बोंड वाळलं की चकतीच्या खाली गोलाकार छोटी छोटी भोकं पडतात, वारा आला की मिठाच्या डबीसारखं बी उडतं. सगळ्या पॉप्यांत हाच नमुना, पण आकार, केस आणि आऱ्यांची संख्या बदलते, ओळख तिथेच पटते.

बोंड हातात आलं की पहिला प्रश्न, गुळगुळीत का काटेरी. गुळगुळीत असेल तर दुसरा प्रश्न, गोल का लांब.

गुळगुळीत आणि गोलसर, म्हणजे मडक्यासारखं, लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी, चकती चांगली रुंद आणि आऱ्या साधारण 8 ते 12, तर पॅपॅव्हर ऱ्हीयस (पॅपॅव्हर हे पॉपीचं शास्त्रीय नाव). हीच ती ‘कॉमन’ म्हणतात ती. तुर्की लोक तिला गेलिंजिक म्हणतात, गेलिन म्हणजे नवरी, तर गेलिंजिक म्हणजे छोटी नवरी, जुन्या काळी तिथल्या नवरीच्या डोक्यावर लाल ओढणी असायची. ग्रीक लोक पापारूना म्हणतात. फूल मोठं, सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. दांड्यावरचे केस आडवे, काटकोनात उभे, हात फिरवला तर तीन दिवसांच्या दाढीसारखे लागतात.

गुळगुळीतच पण लांब, दुपटीहून जास्त लांब, खाली निमुळतं होत गेलेलं, भोवऱ्यासारखं नाही तर कोनासारखं, तर पॅपॅव्हर डुबियम. फूल जरा लहान, रंग विटकरीकडे झुकणारा फिका लाल, तळाशी काळा डाग बहुतेक वेळा नसतो, आणि दांड्याच्या वरच्या भागावरचे केस दांड्याला चिकटून वरच्या दिशेला झोपलेले. तुमचा पाच नंबरचा फोटो, रस्त्याकडेचा, तोच. तिथे तुम्ही फुलाच्या मागे चुकून एक जुनं बोंड पकडलंय, थोडं धूसर आहे पण आकार स्पष्ट दिसतोय, शाब्बास. पश्चिम युरोपात डुबियमची एक जवळची बहीण आहे, लेकोकी, तिचा देठ मोडला की चीक हवेत पिवळा पडतो. हा पिवळा चीक तुम्ही पाहिलेला आहे, आपल्या हायवेच्या कडेला उगवणारा पिवळा धोतरा मोडला की येतो तोच प्रकार. पिवळा धोतरा म्हणजे आर्जेमोन मेक्सिकाना, मूळचा अमेरिकेकडचा पण पॉपीच्याच कुळातला, त्याचं फूल उलटं केलं, बोंड बघितलं की घराणं कळतं. पुण्या-नगरच्या रस्त्यावर फुकटात सराव करता येतो, फक्त हातमोजे घाला, आणि बियांशी खेळू नका. त्याच बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने 1998 मध्ये दिल्लीत ड्रॉप्सीची, म्हणजे अंगाला सूज येणाऱ्या आजाराची साथ आली होती.

काटेरी बोंडांकडे येण्याआधी एक कबुली. वर मी दांड्याच्या केसांबद्दल अगदी ठामपणे लिहिलं, उभे केस म्हणजे ऱ्हीयस, झोपलेले म्हणजे डुबियम. हीच गोष्ट मी बरीच वर्षं लोकांना वेदवाक्य म्हणून सांगायचे. एकदा ग्रीसच्या लेस्बोस बेटावर ऑलिव्हच्या बागेत पंधरा जणांसमोर भिंग घेऊन गुडघ्यावर बसले, केस झोपलेले बघितले आणि ‘ही बघा डुबियम’ म्हणून जाहीर करून टाकलं. मागून एक शांत बाई, रिटायर्ड शिक्षिका, म्हणाल्या अहो पण याचं बोंड तर मडक्यासारखं आहे. होतंच. ऱ्हीयसमध्येच एक प्रकार आहे, स्ट्रिगोसम म्हणतात, त्याचे केस डुबियमसारखे झोपलेले असतात. मला नावापुरता माहीत होता, पण समोर आल्यावर आठवला नाही. तेव्हापासून केस हा साक्षीदार आणि बोंड हा पुरावा, दोघांत भांडण झालं तर बोंडाचं ऐकायचं.

आणि ऱ्हीयस अशी चकवते याचंही कारण आहे, ते कळलं की निम्मा गोंधळ संपतो. ऱ्हीयसला स्वतःचे परागकण चालत नाहीत. एखाद्या झाडाचे परागकण त्याच झाडाच्या कुक्षीवर पडले तर कुक्षी ते ओळखते आणि परागनलिका (परागकणातून फुटणारी नळी) वाढायच्या आतच मारून टाकते, या यंत्रणेवर प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं काम झालंय आणि त्यासाठी हीच पॉपी वापरलीय. म्हणजे प्रत्येक बी हे दोन वेगळ्या झाडांचं मूल. म्हणून एकाच शेतात एक फूल शेंदरी, एक गडद, एकाला काळा डाग, एकाला डागाभोवती पांढरी कड, एकाला डागच नाही, पानंही कुठे बारीक कातरलेली कुठे जाड. डुबियम, आणि पुढे येणाऱ्या काटेरी दोघी, यांचं स्वतःच्या परागकणांवर भागतं, त्यामुळे त्या एका जागी बऱ्यापैकी एकसारख्या दिसतात. तर एखाद्या शेतात दहा फुलं दहा तऱ्हेची दिसली तर दहा जाती शोधत बसू नका, बहुतेक ती एकटी ऱ्हीयसच असते. इंग्लंडमध्ये 1880 च्या सुमाराला विल्यम विल्क्स नावाच्या पाद्रीबाबांना पांढऱ्या कडेचं एक फूल सापडलं, त्याचं बी धरून पुढे निवड करत त्यांनी गुलाबी, पांढऱ्या, दुरंगी पॉप्या केल्या, शर्ली पॉपी म्हणून त्या आजही बियांच्या पाकिटात मिळतात. त्या सगळ्या ऱ्हीयसच.

आता काटेरी. बोंडावर ताठ कुसळं असतील तर भूमध्य भागात मुख्यतः दोघींपैकी एक. बोंड लांब, उभ्या शिरा आलेल्या, कुसळं विरळ आणि वरच्या दिशेला वळलेली, आऱ्या चार ते सहाच, पाकळ्या अरुंद आणि मध्ये फटी असलेल्या, तर आर्जेमोनी (नाव धोतऱ्यासारखंच, पण ही पॅपॅव्हर आर्जेमोनी, घोळ करू नका). बोंड छोटं, गोलसर, त्यावर पिवळट कुसळांची दाटी, लहान मुलाने ओढलेल्या साळिंदराच्या चित्रासारखं, आणि फूल शेंदरी नाही तर किरमिजी, वाइनसारखं, तर हायब्रिडम. रंग विसरा म्हटलं ना, त्याला हा एकच अपवाद, हायब्रिडमचा किरमिजी रंग एकदा डोळ्यात बसला की चालत्या बसमधूनही ओळखू येतो. तुमचा तीन नंबर हीच आहे, ऑलिव्हच्या झाडाखाली, बोटभर उंचीवर. दोघींचीही एक गंमत, भिंगातून पुंकेसर बघा, त्यांचे दांडे वरच्या टोकाला जाड होत गेलेले असतात, ऱ्हीयस-डुबियममध्ये ते दोऱ्यासारखे बारीक असतात. हायब्रिडम नावावरून वाटतं की ही संकर असेल, तसं काही नाही, वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दिलेलं नाव आहे, ती स्वतंत्र जात आहे.

नवीन याद्यांमध्ये या काटेरी जाती तुम्हाला पॅपॅव्हरऐवजी रोमेरिया या नावाखाली दिसतील. डीएनए बघितल्यावर त्या बाकीच्या पॉप्यांपेक्षा रोमेरिया या जांभळ्या फुलांच्या गटाच्या जास्त जवळच्या निघाल्या. जुनी फिल्ड गाइड आणि नवी वेबसाइट यांची नावं जुळली नाहीत तर डोकं धरू नका, झाड तेच आहे. दक्षिण इटली आणि बाल्कनकडे अपुलम म्हणून आणखी एक छोट्या केसाळ बोंडाची आहे, तिकडे गेलात तर लक्षात ठेवा.

चार नंबर. लाल फूल, काळा डाग, सगळं पॉपीसारखं, पण शेजारी जी वीतभर लांब वाकडी हिरवी शेंग दिसतेय तीच त्या झाडाचं फळ आहे. तुम्ही लिहिलंय ‘मागे दुसऱ्या कसल्यातरी झाडाची शेंग आलीय फोटोत’. दुसऱ्या झाडाची नाही हो. ही ग्लॉशियम कॉर्निक्युलेटम, शिंगवाली पॉपी, कुळ तेच पण बोंडाऐवजी चवळीसारखी शेंग, पानं राखाडी-निळसर आणि केसाळ. हिची पिवळी बहीण समुद्राच्या वाळूत असते.

राहिला एक नंबर, एफेससच्या दगडांमधलं ते लाल शेत, कॅलेंडरवर लावावा असा फोटो. ओळख म्हणून मात्र सगळ्यात कच्चा. फुलं वरून घेतलीयत, बोंड नाही, दांडा नाही, पाठ नाही. फुलांचा आकार आणि एकमेकांवर चढलेल्या पाकळ्या बघता मी ऱ्हीयस म्हणेन, पैज लावायची तर लावेन, पण हर्बेरियमच्या (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या) शीटवर नाव लिहा म्हटलं तर लिहिणार नाही. दगडांमध्ये एवढी का, तर पॉपीला उकरलेली माती लागते. बी जमिनीत अनेक वर्षं गप्प पडून राहतं, माती हलली, उजेड लागला की उगवतं. नांगरलेलं शेत, खणलेला रस्ता, पुरातत्त्ववाल्यांचं उत्खनन, तिला सगळं सारखंच. पहिल्या महायुद्धात बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या रणभूमीवर ती उगवली तीही तोफांनी माती उलथल्यामुळेच.

पुढच्या वेळी जाल तेव्हा एका झाडाचे चार फोटो काढा. समोरून फूल, पाठीमागून फूल, दांड्याचा वरचा वीतभर भाग असा की आकाश मागे यावं म्हणजे केस उठून दिसतात, आणि बोंड, शेजारी नाणं किंवा बोट ठेवून. फूल आणि पिकलेलं बोंड एकाच झाडावर नसेल तर आजूबाजूला बघा, पाकळ्या एक-दोन दिवसांत गळतात, त्यामुळे थोडं पुढे गेलेलं भावंड जवळच असतं. सकाळी निघा, दुपारी वाऱ्याने निम्म्या पाकळ्या जमिनीवर असतात. तोडून वहीत दाबायचा मोह होईल, करू नका, एक तर ते पुरातत्त्व स्थळ आहे, दुसरं म्हणजे पॉपीची पाकळी दाबायला फार वाईट, कागदाला अशी चिकटते की सोडवताना फाटतेच. मी सुरुवातीला केलेल्या शीट्सवर आज नुसते दांडे उरलेत.

आणि हो, एक मधमाशी शोधा, होप्लिटिस पपाव्हेरिस, एकटी राहणारी छोटी माशी. ती पॉपीच्या पाकळीचे तुकडे कातरते आणि जमिनीतल्या आपल्या बिळाला आतून लाल अस्तर लावते, त्यात अंडं घालते. पाकळीच्या कडेला पंचिंग मशीनने घेतल्यासारखा अर्धगोल दिसला तर जवळच थांबा, पाच-दहा मिनिटांत ती परत येते. मी दोनदाच पाहिलीय, एवढ्या वर्षांत.

आता सरबत. बोझजाआदावरून गेलिंजिक सरबताची बाटली आणली आणि घरचे म्हणतायत ‘अफूचं आहे, पिऊ नकोस, झोपशील’. घरच्यांना सांगा, अफू येते ती पॅपॅव्हर सोम्निफेरमच्या बोंडाच्या चिकातून, ती जात वेगळी, तिची पानं निळसर आणि खोडाला मिठी मारलेली. ऱ्हीयसमध्ये मॉर्फिन नसतं, ऱ्हीडिन नावाचं वेगळं अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारं रसायन) असतं, आणि हे सरबत पाकळ्यांचं आहे. इटलीत सालेंतोकडे तर हिची कोवळी पानं फूल यायच्या आधी खुडून ऑलिव्ह घालून भाजी करतात, पापारिना म्हणतात, आपण माठ-तांदुळजा करतो तशीच. रानातून स्वतः खुडून खायचा प्रयोग मात्र नको. भीती बाळगायचीच असेल तर खसखशीची बाळगा, दुबईमार्गे जाताना बॅगेत खसखस असेल तर खरंच पंचाईत होते, तिकडे तिला बंदी आहे.

बाटली उघडली नसेल तर उघडा. कोकम सरबतासारखं पातळ करायचं, थंड पाणी, आणि वरून थोडं लिंबू पिळा, पाकळीतला रंग आंबटात आणखी लाल होतो, ग्लास उजेडात धरून बघा.